दोन कानांचा नट आणि इतर कोडी

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचं बोनेट उघडलं की प्रत्येक हेडलाइटच्या मागे एक दोन कानांचा नट दिसतो. पाना न लावता, बोटांनी सैल करता येतो असा. जुनी जीप विकत घेणाऱ्या बहुतेकांची समजूत होते की दिव्याची उंची कमीजास्त करायला हा नट असावा. काही जण तो काढून टाकतात आणि साधा षट्कोनी नट घट्ट आवळतात, कारण दिवा हलतो. खरं काम वेगळंच आहे. हा नट सैल केला की अख्खा हेडलाइट बिजागरीवर उलटा वळतो आणि त्याचा झोत रस्त्यावर पडण्याऐवजी इंजिनावर पडतो. रात्री रानात गाडी बंद पडली, हातात बॅटरी नाही, दोन्ही हात मोकळे हवेत. अशा माणसासाठी केलेली ती सोय आहे.

हे प्रकरण अशाच वस्तूंबद्दल आहे. जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीवर सापडणाऱ्या, पण कोणालाच नीट ओळखू न येणाऱ्या. अशा वेळी माणूस आधी नाव शोधायला धावतो. नाव मिळालं की अर्धी लढाई जिंकली असं वाटतं. माझं मत असं की पहिला प्रश्न नावाचा नसावा, नोकरीचा असावा. हा तुकडा कोणत्या कामाला ठेवला होता? कोणाच्या गैरसोयीवर तो उपाय होता? हे कळलं की नाव पुस्तकात सापडतंच. आणि नाही सापडलं तरी फारसं बिघडत नाही.

या विद्येची सर्वांत चांगली शाळा माझ्या मते संयुक्त अरब अमिरातीत आहे. ऐकायला विचित्र वाटेल. ज्या देशात एकही जुनी जीप बनली नाही, तिथे ही शाळा कशी? कारण तिथे सगळ्यांच्याच गाड्या येऊन पडल्या.

1971 च्या डिसेंबरमध्ये हा देश जन्माला आला. त्याआधी ही ब्रिटिश संरक्षणाखालची छोटी शेखराज्यं होती आणि 1966 पर्यंत त्यांच्या बाजारात चलन होतं रुपया. 1932 मध्ये शारजाला इम्पीरियल एअरवेजसाठी धावपट्टी तयार झाली, पुढे तिथेच रॉयल एअर फोर्सचा तळ झाला. 1951 मध्ये ब्रिटिशांनी शारजातच ‘ट्रूशल ओमान लेव्हीज’ नावाचं स्थानिक दल उभं केलं. 1956 मध्ये त्याचं नाव ‘ट्रूशल ओमान स्काउट्स’ झालं. या दलाची गस्त लँड रोव्हरवर चाले. दुसरीकडे तेल शोधणाऱ्या कंपन्या आल्या आणि त्यांच्यासोबत वजनदार ट्रकही आले. 1958 मध्ये उम्म शैफला समुद्राखाली तेल लागलं, 1960 मध्ये बाबला जमिनीखाली, आणि 1962 मध्ये अबू धाबीहून निर्यात सुरू झाली. तेव्हा अबू धाबी ते अल ऐन डांबरी रस्ता नव्हता. वाळू तुडवत जावं लागे. किनाऱ्यालगत जायचं असेल तर ओहोटीची वाट बघायची आणि ओल्या, घट्ट वाळूवरून गाडी काढायची. मग टोयोटाची लँड क्रूझर आणि निसानची पॅट्रोल आली आणि बघता बघता त्यांनी इंग्रज-अमेरिकन गाड्यांना मागे टाकलं.

म्हणजे तीन देशांच्या कारखान्यांचे सुटे भाग एकाच वाळवंटात येऊन मिसळले. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात जुन्या पार्टांच्या दुकानांच्या रांगाच्या रांगा आहेत. जपानहून अर्धी कापून आलेली गाडी, ज्याला तिथे सगळे ‘हाफ-कट’ म्हणतात, तिच्या शेजारी एखाद्या जुन्या ट्रकचा अ‍ॅक्सल पडलेला असतो. दुकानदार मल्याळम, पश्तू, उर्दू, हिंदी यांतली कुठलीही भाषा बोलेल. पण ढिगातल्या एखाद्या लोखंडी तुकड्याकडे बोट दाखवून ‘हे कशाचं?’ विचारलं, तर गाडी कुठली हे त्यालाही कधी कधी सांगता येत नाही.

अशा वेळी सर्वांत आधी आटे बघावेत.

बोल्टचे आटे हा यंत्राचा जन्मदाखला आहे. रंग बदलतो, नंबर घासून जातो, कंपनीची पट्टी चोरीला जाते, पण बोल्टाच्या भोकातले आटे सहसा कोणी बदलत नाही. ब्रिटनमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 मध्ये आट्यांचं प्रमाण सुचवलं. त्यात दोन आट्यांमधल्या खाचेचा कोन 55 अंश. अमेरिकन आणि मेट्रिक आट्यांमध्ये तो 60 अंश. डोळ्याला हा फरक दिसत नाही, पण आटे मोजायची दातेरी पट्टी बाजारात मिळते आणि ती खोटं बोलत नाही. पाच-सोळांश इंच जाडीच्या ब्रिटिश बारीक आट्याच्या बोल्टला इंचामागे 22 आटे असतात. त्याच जाडीच्या अमेरिकन धाटणीच्या ‘युनिफाइड’ बोल्टला 24. एक दुसऱ्यात घालून बघा. दोनेक वेढे अगदी सहज जातो आणि मग अडतो. तिथे जोर लावणारा मेकॅनिक पुढच्या मालकाची डोकेदुखी तयार करत असतो.

1940 च्या दशकाच्या शेवटी ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी मिळून युनिफाइड आटे स्वीकारले. लँड रोव्हर 1948 ची. म्हणून तिच्या पहिल्या पिढीत, म्हणजे सिरीज वनमध्ये, जुन्या ब्रिटिश आट्यांचं राज्य दिसतं आणि 1958 पासूनच्या सिरीज टूमध्ये युनिफाइड आटे वाढत जातात. एकाच गाडीत दोन्ही सापडणं अगदी नेहमीचं. इंजिनाच्या बाजूने एक पाना लागतो, गिअरबॉक्सच्या बाजूने दुसरा, आणि विजेच्या बारीकसारीक वस्तूंना ‘बीए’ नावाचे तिसरेच चिमुकले आटे. टोयोटा आणि निसानच्या बाबतीत प्रश्न सोपा आहे, कारण तिथे सगळं मिलिमीटरमध्ये आहे. बोल्टच्या डोक्यावर उठावात 4 किंवा 7 असा सुटा आकडा दिसला, तर तो बहुतेक जपानी बोल्ट असतो आणि आकडा त्याची ताकद सांगतो. डोक्यावर मध्यापासून बाहेर जाणाऱ्या तीन रेघा असतील तर अमेरिकन पद्धत. सहा रेघा असतील तर तोच बोल्ट जास्त कणखर.

पान्यांचीही एक गंमत इथे सांगून टाकतो. अमेरिकन पान्यावरचा आकडा नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर सांगतो. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टच्या दांड्याची जाडी सांगतो. त्यामुळे पाव इंचाचा व्हिटवर्थ पाना अर्ध्या इंचाहून मोठ्या नटाला बसतो. आपल्याकडे जुन्या गॅरेजमध्ये एखादा पाना ‘कशालाच बसत नाही’ म्हणून कोपऱ्यात पडलेला असतो, तो बहुधा हाच.

आट्यांनंतर खुणा. इथे फोर्ड कंपनीचे आभार मानायला हवेत. महायुद्धात जीपची रचना एकच होती, पण ती दोन कंपन्यांनी बनवली. विलीजने आणि फोर्डने. दोघांच्या मिळून सुमारे साडेसहा लाख जीप निघाल्या. फोर्डने आपल्या पार्टांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, आपल्या ठेवणीतला वळणदार ‘एफ’ ठोकला. बोनेटची बिजागरी, सीटचा पाइप, आरशाचा दांडा, जिथे तिथे एफ. विलीजने असं केलं नाही. म्हणून जीपच्या ढिगात एफ सापडला की तो तुकडा फोर्डचा. गाडी मात्र फोर्डची असेलच असं नाही, कारण लष्करी कार्यशाळांमध्ये दोन्ही गाड्यांचे भाग सर्रास अदलाबदल होत. गाडी कोणाची हे ठरवायचं तर वाकून पुढचा आडवा दांडा बघावा. विलीजचा गोल पाइपचा असतो, फोर्डचा उलट्या पन्हळीसारखा चौकोनी. आणि हल्ली एफ ठोकलेले नवेकोरे बोल्टही विकायला असतात, तेव्हा चकाकणाऱ्या एफवर विश्वास ठेवू नये.

क्रायस्लर घराण्याची खूण ‘डीपीसीडी’. डॉज, प्लायमथ, क्रायस्लर, डिसोटो या चार भावंडांची आद्याक्षरं. 1946 पासून विकली गेलेली डॉजची पॉवर वॅगन म्हणजे युद्धातल्या लष्करी ट्रकची नागरी आवृत्ती, आणि आखातात तेलाच्या कामावर तिचा बोलबाला होता. वाळूत सापडलेल्या जाडजूड बिडाच्या तुकड्यावर ही चार अक्षरं दिसली तर शोध पुष्कळ आटोपतो. ब्रिटिश गाड्यांच्या डायनॅमोवर, स्टार्टरवर, डिस्ट्रिब्युटरवर लुकास कंपनी महिना आणि वर्ष ठोकत असे. ‘10 58’ म्हणजे ऑक्टोबर 1958. गाडी 1955 ची म्हणून विकायला आलेली असेल आणि तिच्यावरच्या चारही लुकास वस्तू 1961 च्या असतील, तर एक तर सगळं एकदम बदललं किंवा गाडीचं वय खोटं आहे. मी दुसऱ्या शक्यतेवर पैसे लावीन.

टोयोटाची पद्धत मला सगळ्यांत शहाणी वाटते. पार्ट नंबर दहा आकडी, मध्ये आडवी रेघ. पहिले पाच आकडे वस्तू काय आहे ते सांगतात, पुढचे पाच ती कोणत्या गाडीसाठी आहे ते. पहिला आकडा 1 असेल तर इंजिनाच्या घरातली वस्तू, 3 असेल तर क्लच-गिअरच्या घरातली, 4 असेल तर अ‍ॅक्सल-ब्रेक-स्टिअरिंगकडची, 8 असेल तर विजेची. 90 ने सुरू होणारे नंबर बोल्ट, सील, बेरिंग असल्या सर्वसाधारण वस्तूंचे. आणि दुसऱ्या गटाच्या सुरुवातीला 60 असेल तर तो लँड क्रूझरकडे बोट दाखवतो. बिडाच्या ओतीव भागावर पुष्कळदा हे दुसरे पाच आकडेच असतात. तेवढ्यावरही काम भागतं. एक सापळा मात्र आहे. लँड क्रूझरचं जुनं ‘एफ’ इंजिन, सहा सिलिंडर, 3.9 लिटर, हे अमेरिकन शेव्हर्ले-जीएमसीच्या सहा सिलिंडरी इंजिनांच्या वळणावर बनलं होतं. लांबून पाहिलं तर जुना जाणकारही फसतो. तिथे पुन्हा आटेच कामाला येतात. एक मिलिमीटरवाला, दुसरा इंचवाला.

इथपर्यंतची सगळी कामं कुठल्याही देशातल्या गॅरेजमध्ये करता येतील. पण काही वस्तू अशा आहेत की वाळवंट डोक्यात आल्याशिवाय त्यांचा अर्थच लागत नाही.

पितळेचा, मनगटाएवढा जाड, एका टोकाला स्पार्क प्लगचे आटे आणि दुसऱ्या टोकाला लांब रबरी नळी. हा तुकडा जुन्या हत्यारांच्या पेटीत सापडतो आणि बघणारा चक्रावतो. वाळूत गाडी न्यायची तर चाकांतली हवा कमी करावी लागते. आजही दुबई-अबू धाबीकडचे लोक वाळूत शिरताना टायर पंधरा पौंडांच्या आसपास उतरवतात. चाक पसरतं, वजन जास्त जागेवर विभागतं, गाडी रुतत नाही. पण पुन्हा कडक जमिनीवर आल्यावर हवा भरायची कशी? पेट्रोल पंप शंभर मैलांवर. मग एक स्पार्क प्लग काढायचा, त्या जागी हा पितळी पंप बसवायचा आणि इंजिन उरलेल्या सिलिंडरांवर चालू ठेवायचं. रिकाम्या सिलिंडरचा दाब पंपाच्या आतला छोटा दट्ट्या हलवतो, दट्ट्या बाहेरची स्वच्छ हवा ओढून टायरमध्ये ढकलतो. पेट्रोलची वाफ टायरमध्ये जात नाही, हे त्यातलं खरं कसब. बॅटरीवर चालणारे पंप आल्यावर ही वस्तू विस्मरणात गेली.

दुसरी वस्तू रेडिएटरजवळ बसवलेला बंद डबा. वरून एक नळी, ती डब्याच्या तळापर्यंत गेलेली. याचा उगम लिबिया-इजिप्तच्या वाळवंटात आहे. राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1920 च्या दशकाच्या शेवटापासून साध्या फोर्ड गाड्या घेऊन तिथे मोहिमा काढल्या आणि 1940 मध्ये ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ उभा केला. उकळत्या रेडिएटरची वाफ हवेत जाऊ देणं म्हणजे पिण्याचं पाणी फेकणं. म्हणून त्यांनी रेडिएटरचं ओसंडणारं तोंड बंद केलं आणि वाफ अर्ध्या पाण्याने भरलेल्या डब्यात सोडली. तिथे ती थंड होऊन पाणी होते. इंजिन गार झालं की रेडिएटरमध्ये पोकळी तयार होते आणि तेच पाणी नळीतून परत ओढलं जातं. आजच्या पुष्कळ मोटारींत कूलंटची जी प्लॅस्टिकची बाटली असते, ती याच तत्त्वावर काम करते. जुन्या गाडीवर मात्र हा डबा हाताने बनवलेला असतो, म्हणून तो ‘कुणीतरी लावलेलं काहीतरी’ वाटतो आणि भंगारात जातो. बॅग्नोल्डच्याच नावाशी जोडलेली तिसरी वस्तू म्हणजे अंशांच्या खुणा असलेली तबकडी आणि तिच्या मधोमध उभी सुई. हा सूर्यकंपास. लोखंडी गाडीत चुंबकसूची भरकटते, म्हणून सुईच्या सावलीवरून दिशा काढायची. डॅशबोर्डवर किंवा बोनेटवर नुसता त्याचा कंस उरला असेल तरी त्या गाडीने रस्ता नसलेल्या प्रदेशात काम केलं असावं असा कयास बांधता येतो.

हवा गाळायचं यंत्र तर वाळवंटी गाडीचं फुप्फुसच. जुन्या गाड्यांत कागदी फिल्टर नसे. हवा वरून खाली येऊन तेलाच्या पृष्ठभागावर आपटते आणि एकदम उलटी वळते. धूळ जड, ती वळू शकत नाही, तेलात बुडते. उरलेली तारेच्या जाळीत अडकते. वाळवंटासाठी यावर आणखी एक टोपी बसवत, आतल्या पात्यांमुळे हवा भोवऱ्यासारखी फिरे आणि मोठे कण आधीच बाहेर फेकले जात. ही टोपी अनेकांना पावसाचं पाणी अडवणारं झाकण वाटते. तसंच लँड रोव्हरचं दुहेरी छत. दोन पत्र्यांमध्ये बोटभर फट आणि वर छोट्या झडपा. वरचा पत्रा ऊन झेलतो, मधली हवा वाहती राहते. वरचा पत्रा गेलेल्या गाडीच्या छतावर नुसत्या आधारांच्या रांगा उरतात आणि लोक त्यांना सामानाच्या कॅरिअरचे आधार समजतात.

लष्कराच्या गरजा आणखी वेगळ्या. जीपच्या बोनेटवर नंबरानंतर छोटा ‘एस’ रंगवलेला असे. त्याचा अर्थ, या गाडीच्या विद्युतयंत्रणेमुळे रेडिओत खरखर होणार नाही अशी तजवीज केली आहे. त्यासाठीच बोनेट आणि बॉडी यांना जोडणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्ट्या असतात. बाहेरून त्या अगदी निरुपयोगी दिसतात, पण बोनेटसारखा मोठा सुटा पत्रा अँटेनासारखा वागू नये म्हणून तो जमिनीशी, म्हणजे चेसिसशी बांधलेला असतो. ब्रिटिश लष्कराच्या लँड रोव्हरखाली मागच्या बाजूला एक लहानसा दिवा सापडतो, तोही रस्त्याकडे तोंड न करता गाडीच्याच पोटाकडे वळलेला. मागच्या डिफरन्शिअलचा गोळा पांढरा रंगवलेला असे आणि हा दिवा फक्त तेवढ्यावर पडे. अंधारात ताफा चालताना मागच्या ड्रायव्हरला तो पांढरा ठिपका दिसायचा, आकाशातल्या विमानाला काहीच नाही. दिवा उरतो, गोळ्यावरचा पांढरा रंग उडून जातो, आणि मग मालक म्हणतो, कोणीतरी दिवा उलटा बसवलाय!

आणि शेती. लँड रोव्हरचा पहिला नमुना जीपच्या चेसिसवर उभा राहिला, दोघींच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर सुरुवातीला सारखंच, 80 इंच. पण रोव्हरच्या मॉरिस विल्क्स यांच्या डोळ्यांसमोर सैनिक नव्हता, शेतकरी होता. त्यामुळे तिच्यावर ट्रॅक्टरची अवजारं दिसतात. डॅशबोर्डजवळ खाचा असलेली कमान आणि त्यावर सरकणारा दांडा हा गव्हर्नरचा. गाडी उभी करून तिच्या इंजिनावर पाण्याचा पंप किंवा करवत चालवायची, तेव्हा भार वाढला तरी इंजिनाची गती कायम ठेवायचं काम तो करतो. पुढच्या बंपरवर उभं लोखंडी रीळ दिसलं तर ते कॅपस्टन विंच. त्यावर दोर कायमचा गुंडाळून ठेवत नाहीत. दोनतीन वेढे घ्यायचे, सुटं टोक हातात धरायचं आणि रुतलेली गाडी ओढायची. डॅशबोर्डवरची लाल आणि काळी अशी दोन छोटी भोकं दुरुस्तीचा दिवा जोडण्यासाठी. 1948 ते 1950 च्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाशी एक कडी असते, ती ओढली की पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या शक्तीच्या मार्गातला फ्री-व्हील बांधला जातो. ही कडी दिसली तर हातातली गाडी अगदी सुरुवातीच्या काळातली आहे. जपून वागावं.

आता खरी अवघड जात. जी वस्तू कोणत्याच कारखान्यात बनली नाही ती. शारजा, अल ऐन, रास अल खैमा इथल्या गॅरेजवाल्यांनी पन्नास-साठ वर्षांत गाड्या चालत्या ठेवण्यासाठी जे जे केलं, त्याचा कुठलाही कॅटलॉग नाही. टोयोटाचा अल्टर्नेटर लँड रोव्हरवर बसवायला बनवलेला कंस, ट्रकच्या पाट्यांचा तुकडा कापून केलेला हुक, पाण्याच्या नळाचे सांधे वापरून वळवलेली तेलाची नळी. अशा वस्तूवर नंबर नसतो, कडा कटरने कापलेल्या असतात, भोकं थोडी तिरपी असतात. तिच्याखाली रंगाचे किती थर आहेत ते बघावं. कंसाखाली मूळ हिरवा रंग शाबूत असेल तर तो कंस फार लवकर बसला. खाली तीन थर असतील तर तो उशिराचा पाहुणा.

आणि वाळू बघावी. हे फार थोडे लोक करतात. चेसिसच्या पोकळ पेटीत, सीटखाली, दाराच्या आत वर्षानुवर्षांची वाळू साचलेली असते. अमिरातीत किनाऱ्याजवळची वाळू शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे फिकट असते, तर आत लिवाकडे किंवा अल ऐनच्या बाजूला लोहाच्या ऑक्साइडमुळे तांबूस होत जाते. पेटीतून तांबूस वाळू निघाली तर गाडीने आतल्या वाळवंटात दिवस काढले. पांढुरकी वाळू आणि सोबत खालून कुजलेली चेसिस असेल तर ती किनाऱ्यावरची. तिथल्या ‘सबखा’ म्हणजे खारपड जमिनीतलं मीठ लोखंड खातं. लँड रोव्हरची बॉडी बर्माब्राइट नावाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, तिला चुंबक चिकटत नाही आणि गंज चढत नाही. पण जिथे ती पोलादी बोल्टला टेकते तिथे मिठाच्या ओलीत पांढरी भुकटी धरते. ही भुकटी बोल्टच्या भोवती गोल दिसली तर तो बोल्ट तिथे फार काळ बसलेला आहे, काल-परवाचा नाही.

मराठी वाचकाला हे सगळं दूरचं वाटू नये. विलीजची जीप मुंबईत महिंद्राने स्वातंत्र्यानंतर लगेच जोडायला घेतली आणि उंच बोनेटची सीजे-थ्रीबी आपल्या साखर कारखान्यांपासून जिल्हा परिषदांपर्यंत सगळीकडे फिरली. ते बोनेट उंच, कारण खालचं इंजिनच उंच होतं. झडपा काही वर, काही बाजूला. याहून जवळचं नातं जोंग्याचं. जबलपूरच्या लष्करी कारखान्यात 1969 पासून बनलेली जोंगा म्हणजे निसान पॅट्रोलची 60 मालिका, परवान्याखाली केलेली. लष्कराच्या लिलावातून ती पुण्या-नगरकडच्या किती तरी हौशी लोकांकडे आली. तिचा दरवाजा, तिचं अ‍ॅक्सल, तिचं सहा सिलिंडरी इंजिन यांची भावंडं आखातात वाळूवर धावत होती. जोंग्याचा एखादा भाग ओळखू येत नसेल तर जुन्या पॅट्रोलचं पुस्तक उघडावं. एवढंच लक्षात ठेवावं की अमिरातीत वाहनं रस्त्याच्या उजवीकडून धावतात. तिथल्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे स्टिअरिंगचे, पेडलचे दांडे उलट्या हाताचे असतात आणि हेडलाइटच्या काचेवरच्या रेघांचा कलही उलटा असतो. तिथली काच इथल्या गाडीला लावली तर समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश जाईल.

जुन्या गाड्या पाहायच्या तर अमिरातीत जागा भरपूर आहेत. अबू धाबीहून लिवाकडे जाताना हमीमच्या वाटेवर शेख हमद बिन हमदान अल नहयान यांचं पिरॅमिडच्या आकाराचं मोटार संग्रहालय आहे. त्यांचंच खास ऑफ-रोड गाड्यांचं दुसरं संग्रहालय शारजात अल मदामच्या बाजूला आहे. याच शेखांनी पॉवर वॅगनची एक अवाढव्य प्रतिकृती बनवून घेतली. ती मूळ गाडीच्या 64 पट असल्याचं सांगतात. घाबरू नका, हा आकारमानाचा हिशेब आहे. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी चौपट, चार गुणिले चार गुणिले चार. आत राहायच्या खोल्या आहेत. लोक तिच्यासमोर फोटो काढतात आणि मूळ पॉवर वॅगनसमोरून न थांबता पुढे जातात. मला विचाराल तर थांबायची जागा ती मूळ गाडी आहे. अल ऐनच्या पॅलेस म्युझियममध्ये एक लँड रोव्हर ठेवली आहे, देशाचे संस्थापक शेख झायद तसल्या गाडीतून वाळवंटातल्या टोळ्यांना भेटायला जात. तिच्यापाशी गेलात तर बंपर, डॅशबोर्ड आणि दरवाजाच्या बिजागऱ्या निवांत बघा.

संग्रहालयांबद्दल, आणि त्याहून जास्त हौशी मालकांबद्दल, माझी एक तक्रार आहे. गाडी ‘कारखान्यातून आली तशी’ करण्याच्या नादात सर्वांत आधी काढली जाते ती ओळखू न येणारी वस्तू. वाळूचा मारा करून रंग उडवतात, त्याबरोबर रंगाचे थर जातात. चेसिस धुतात, त्याबरोबर वाळू जाते. तांब्याची पट्टी, हाताने केलेला डबा, उलटा दिवा, हे सगळं ‘फालतू’ म्हणून पिंपात पडतं. उरते ती कारखान्यातून निघालेल्या पहिल्या दिवसाची गाडी. त्यानंतर ती चाळीस वर्षं कुठे होती, काय करत होती, हे सांगणारं काहीच उरत नाही. पहिल्या दिवसाच्या गाड्या जगात हजारो आहेत.

म्हणून तुमच्याकडे, गावाकडच्या गोठ्यामागे किंवा शारजातल्या एखाद्या यार्डात, अशी गाडी आली तर एवढं करा. वस्तू काढण्याआधी ती जागेवर असताना चारही बाजूंनी फोटो घ्या, शेजारी फूटपट्टी ठेवून. बोल्ट काढला तर तो त्याच भोकात परत अडकवा किंवा पिशवीत घालून जागेचं नाव लिहा. आटे मोजा. चुंबक लावा. चेसिसमधली मूठभर वाळू बाटलीत भरून ठेवा. रंगाच्या कंत्राटदाराला आगाऊ रक्कम या सगळ्यानंतर द्या. आणि ज्या वस्तूचं काम कळलं नाही ती पुन्हा जिथे होती तिथेच बसवा. तिचं काम ओळखणारा माणूस कधीतरी येईल, तेव्हा ती त्याला जागेवर मिळायला हवी.